सदृशीकरणातील पुनरावृत्त आकडेमोड आणि उत्तरसंचय : एक विवेचन

गोषवारा :
संगणकीय सदृशीकरणात एकच आकडेमोड असंख्य वेळा नव्याने केली जाते. एकदा काढलेले उत्तर जपून ठेवून पुढे तेच वापरल्यास वेळेची मोठी बचत होते. मात्र ते उत्तर कोणकोणत्या गोष्टींवर अवलंबून आहे हे अचूक माहीत नसेल, तर हीच बचत चुकीच्या निष्कर्षांना कारणीभूत ठरते. प्रस्तुत लेखात मेमो फलन, आयसिंग प्रतिमान, व्हर्ले यादी, हॅशलाइफ आणि ज्वलनाच्या सदृशीकरणातील तक्ते यांच्या आधारे या तंत्राचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सदृशीकरण, उत्तरसंचय, मेमो फलन, व्हर्ले यादी, हॅशलाइफ.

प्रस्तावना :
पूर्वीच्या मराठी शाळांमधून मुलांकडून पाढ्यांबरोबरच पावकी, निमकी, सवायकी आणि दिडकी घोकून घेतली जात असे. तेरा वार कापडाचा दीड रुपया वाराने हिशेब करताना दुकानदार गुणाकार मांडीत बसत नसे. 'तेरा दिढे साडेएकोणीस' हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार असे. तो गुणाकार कोणीतरी पूर्वीच करून ठेवलेला होता आणि त्याचे फळ पिढ्यान् पिढ्या पाठांतरातून वापरले जात होते.

विद्वानांच्या गणितातही हीच दृष्टी आढळते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, हे आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' हा करणग्रंथ रचला. ग्रहांची स्थाने काढण्यासाठी आरंभापासून लोटलेल्या दिवसांची संख्या, म्हणजे अहर्गण, लागते. वर्षे सरतील तशी ही संख्या वाढत जाते आणि गुणाकार अवजड होतात. गणेश दैवज्ञांनी ११ वर्षांचे म्हणजे ४०१६ दिवसांचे एक चक्र कल्पिले आणि एका चक्रात होणारे ग्रहगतीचे अंतर आधीच काढून ग्रंथात देऊन टाकले. त्यामुळे पंचांग करणाऱ्याला केवळ चालू चक्रातील दिवसांचेच गणित करावे लागे. पंचांगकर्त्यांमध्ये हा ग्रंथ दीर्घकाळ प्रिय राहिला, त्यात या सोयीचा वाटा मोठा असला पाहिजे.

आजचा संगणक सेकंदाला अब्जावधी क्रिया करतो. मग त्याला पाढ्यांची गरज का भासावी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर सदृशीकरणाच्या स्वरूपात आहे. एखाद्या प्रक्रियेचे नियम गणिती रूपात मांडून ती प्रक्रिया संगणकात टप्प्याटप्प्याने घडवून पाहणे म्हणजे सदृशीकरण, अर्थात सिम्युलेशन. द्रवातील रेणूंची हालचाल, इंजिनातील ज्वलन, मान्सूनचा प्रवास यांचा अभ्यास आज याच मार्गाने होतो. अशा अभ्यासात काळाचे टप्पे लाखांनी आणि घटक कोटींनी मोजावे लागतात. प्रत्येक टप्प्यावर, प्रत्येक घटकासाठी तोच नियम लावला जात असल्यामुळे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. संगणक मात्र निर्बुद्ध चिकाटीने दर वेळी पहिल्यापासून आकडेमोड करीत राहतो.

एकदा काढलेली उत्तरे ज्या साठ्यात ठेवली जातात त्याला संगणकशास्त्रात 'कॅश' म्हणतात. लपवून ठेवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो आला असून रोख रकमेशी त्याचा संबंध नाही. मराठीत दोन्ही शब्दांचे उच्चार एकच झाल्याने विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. म्हणून येथे 'उत्तरसंचय' हा शब्द योजिला आहे. ज्या माहितीवरून साठवलेले उत्तर शोधले जाते तिला 'किल्ली' म्हटले आहे. समोर आलेला प्रश्न पूर्वीचाच आहे हे कशावरून ठरवायचे, हा या तंत्रातील कळीचा प्रश्न होय. पुढील सर्व उदाहरणे या प्रश्नाभोवतीच फिरतात.

मेमो फलन :
एडिंबरो विद्यापीठातील डोनाल्ड मिची यांनी १९६८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात 'मेमो फलन' ही कल्पना मांडली. फलनाला एखादी किंमत देऊन उत्तर मागितले की प्रथम जवळच्या टिपणात पाहावयाचे. उत्तर तेथे असेल तर तेच द्यावयाचे, नसेल तर आकडेमोड करून ते द्यावयाचे आणि टिपणात नोंदवून ठेवावयाचे. कल्पना इतकी साधी आहे की तिला नाव देण्याची आवश्यकता तरी काय, असे वाटावे. परंतु तिचा परिणाम साधा नाही.

छंदःशास्त्रातील एक जुना प्रश्न घेऊ. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा धरल्यास ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? बाराव्या शतकात हेमचंद्राने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. ओळीचे शेवटचे अक्षर लघु असेल तर उरलेल्या मात्रा एकने कमी, गुरू असेल तर दोनने कमी; म्हणून कोणत्याही ओळीचे प्रकार म्हणजे तिच्या आधीच्या दोन ओळींच्या प्रकारांची बेरीज. एका मात्रेचा १ प्रकार, दोन मात्रांचे २, तीन मात्रांचे ३, चार मात्रांचे ५, पाच मात्रांचे ८. पुढे हीच संख्यामाला युरोपात फिबोनाचीच्या नावाने ओळखली गेली.

हा नियम संगणकाला जसाच्या तसा सांगितला तर ३० मात्रांच्या ओळीसाठी तो २९ आणि २८ मात्रांचे उत्तर शोधू लागतो. २९ साठी पुन्हा २८ आणि २७ चे. अशा रीतीने तेच प्रश्न फांद्यांप्रमाणे पसरत जातात. १३,४६,२६९ हे उत्तर हाती येईपर्यंत हे फलन १६,६४,०७९ वेळा बोलावले जाते. वास्तविक यात भिन्न प्रश्न केवळ ३० आहेत. टिपण ठेवले की २८ बेरजांत काम संपते. मात्रा वाढतील तशी ही तफावत झपाट्याने रुंदावत जाते. संगणकाचा वेग दुप्पट केल्याने या उदाहरणात फार तर एखाद्या मात्रेची भर पडेल. टिपणाने मात्र प्रश्नाचे स्वरूपच पालटून जाते.

येथे किल्ली ठरविणे सोपे आहे, कारण उत्तर मात्रांच्या संख्येखेरीज कशावरही अवलंबून नाही. प्रत्यक्ष सदृशीकरणात इतकी स्वच्छ स्थिती क्वचितच लाभते.

दोन आकड्यांचा तक्ता :
चुंबकत्वाच्या अभ्यासातील आयसिंग प्रतिमान हे विद्यार्थ्यांना शिकविण्यात येणारे सर्वपरिचित उदाहरण आहे. चौरस जालकाच्या प्रत्येक बिंदूवर एक सूक्ष्म चुंबक, म्हणजे स्पिन, असतो. त्याची दिशा वर किंवा खाली. शेजारचे स्पिन एका दिशेचे असतील तर ऊर्जा कमी, विरुद्ध असतील तर अधिक. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेट्रोपोलिस पद्धतीनुसार एक स्पिन निवडावयाचा आणि तो उलटल्यास ऊर्जेत किती फरक पडेल ते पाहावयाचे. ऊर्जा वाढत नसेल तर तो उलटावयाचा. वाढत असेल तर ऊर्जाफरक आणि तापमान यांच्या गुणोत्तरावरून घातांकी फलनाने जी संभाव्यता मिळेल, तिच्यानुसार यादृच्छिक संख्येच्या आधारे निर्णय घ्यावयाचा.

१०० गुणिले १०० बिंदूंचे जालक घेऊन त्यावर १ लाख फेऱ्या केल्या तर असे १०० कोटी निर्णय होतात. प्रत्येक वेळी घातांकी फलन काढणे खर्चिक आहे. परंतु प्रत्येक स्पिनला शेजारी चारच. त्यामुळे योग्य एककांत ऊर्जेतील फरक −८, −४, ०, ४ आणि ८ या पाचांपैकीच एक असू शकतो. पहिल्या तीन स्थितींत काही काढावेच लागत नाही. उरले दोन. चुंबकत्व जेथे नाहीसे होते ते संक्रमण-तापमान या प्रतिमानात सुमारे २.२६९ आहे, १९४४ मध्ये लार्स ऑन्सागर यांनी दिलेल्या अचूक उकलीतून हे मूल्य मिळते. त्या तापमानाला या दोन संभाव्यता सुमारे ०.१७२ आणि ०.०२९ येतात. हे दोन आकडे आरंभी काढून ठेवले की १०० कोटी निर्णयांसाठी घातांकी फलन पुन्हा काढण्याचे कारण उरत नाही.

या तक्त्याची किल्ली ऊर्जेतील फरक ही आहे. तापमान किल्लीत नाही, कारण ते स्थिर धरलेले आहे. ही बाब ध्यानात ठेवावी. तिचा संबंध पुढे येणार आहे.

व्हर्ले यादी :
द्रवातील रेणूंच्या सदृशीकरणात पुनरावृत्ती निराळ्या रूपात आढळते. मूळचे हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत द्रवरूप अरगॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर घडविली. रेण्वीय गतिकीच्या इतिहासातील हा मूलभूत प्रयोग मानला जातो. ८६४ अणूंच्या जोड्या ३,७२,८१६ होतात. दोन अणूंमधील बल अंतरासोबत झपाट्याने क्षीण होत असल्याने ठरावीक अंतरापलीकडील जोड्या सोडून देता येतात. तथापि कोणती जोडी त्या अंतराच्या आत आहे हे कळण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर सर्वच अंतरे तपासावी लागतात. बचत करण्यासाठीच मोठा खर्च, अशी ही अडचण.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लूप व्हर्ले यांनी १९६७ मध्ये तिच्यावर उपाय सुचविला. एका टप्प्यात अणू अगदी थोडे सरकतात; आताचे शेजारी पुढच्या टप्प्यातही बहुधा शेजारीच असतात. म्हणून बलाच्या मर्यादेपेक्षा किंचित मोठी त्रिज्या घेऊन प्रत्येक अणूच्या शेजाऱ्यांची यादी एकदा करावयाची आणि पुढील अनेक टप्पे तीच वापरावयाची.

या पद्धतीत येथे साठविले जाणारे उत्तर कालांतराने बिघडणारे आहे आणि ते केव्हा बिघडेल याचा हिशेब आधीच करता येतो, हे तिचे वैशिष्ट्य होय. मोठी त्रिज्या आणि बलमर्यादा यांमध्ये एक पट्टा राहतो. यादीबाहेरची जोडी बलमर्यादेच्या आत येण्यासाठी त्या दोन अणूंनी मिळून हा पट्टा ओलांडला पाहिजे. यादी केल्यापासून एकही अणू पट्ट्याच्या निम्म्या रुंदीहून अधिक सरकला नसेल, तर असे होणे अशक्य. एखादा अणू तेवढा सरकला की यादी नव्याने करावयाची. पट्टा रुंद ठेवला तर यादी अधिक काळ टिकते, पण निरुपयोगी जोड्या वाढतात. अरुंद ठेवला तर याद्या वारंवार कराव्या लागतात. आजची रेण्वीय गतिकीची सॉफ्टवेअरे या ना त्या स्वरूपात हीच युक्ती वापरतात.

हॅशलाइफ :
उत्तरसंचयाचे सर्वांत थक्क करणारे उदाहरण मात्र एका खेळातले आहे. जॉन कॉनवे यांचा 'जीवनाचा खेळ' मार्टिन गार्डनर यांच्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरातून ऑक्टोबर १९७० मध्ये लोकांपुढे आला. अमर्याद चौकटीच्या कागदावरील प्रत्येक घर जिवंत किंवा मृत असते आणि त्याला आठ शेजारी असतात. जिवंत घराचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असतील तर ते पुढील पिढीत टिकते, अन्यथा मरते. मृत घराचे नेमके तीन शेजारी जिवंत असतील तर ते जिवंत होते. नियम एवढेच. त्यांतून सरकत जाणाऱ्या, परस्परांवर आदळणाऱ्या आणि नव्या आकृत्या प्रसवणाऱ्या रचना निर्माण होतात.

बिल गॉस्पर यांनी १९८४ मध्ये 'फिजिका डी' या नियतकालिकातील लेखात या खेळासाठी जी रीत मांडली तिला 'हॅशलाइफ' म्हणतात. तिचे मर्म असे : एका पिढीत कोणत्याही बदलाचा प्रभाव एका घरापलीकडे पोहोचत नाही. म्हणून ४ × ४ चा चौरस घेतला तर त्याच्या मध्यभागी असलेल्या २ × २ घरांचे पुढील पिढीतील भवितव्य त्या १६ घरांवरूनच पूर्णपणे ठरते. बाहेर काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. १६ घरांच्या सर्व शक्य रचना २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६. इतक्या उत्तरांचा तक्ता सहज साठविता येतो.

आता ८ × ८ चा चौरस घेऊ. त्यात दोन-दोन घरे सरकवीत एकमेकांवर अर्धवट येणारे ४ × ४ चे नऊ चौरस काढता येतात. प्रत्येकाचे तक्त्यातील उत्तर घेतले की नऊ २ × २ तुकडे मिळतात. ते जोडले की मधल्या ६ × ६ भागाची एका पिढीनंतरची स्थिती तयार होते. या ६ × ६ भागात पुन्हा ४ × ४ चे चार चौरस काढून त्यांची उत्तरे जोडली की मधल्या ४ × ४ भागाची दोन पिढ्यांनंतरची स्थिती मिळते. एकूण तेरा वेळा तक्त्यात पाहिले आणि दोन पिढ्या पुढे गेलो. हे उत्तरही त्या ८ × ८ रचनेच्या नावाने नोंदवून ठेवायचे. पुढे १६ × १६ च्या चौरसासाठी ८ × ८ ची तेरा उत्तरे वापरली की चार पिढ्यांची उडी घेता येते. बाजू दुप्पट झाली की उडीही दुप्पट होते. १०२४ घरे बाजू असलेल्या चौरसाची उडी २५६ पिढ्यांची असते. २ चा २० वा घात एवढी बाजू असेल तर २,६२,१४४ पिढ्यांची.

याच्या जोडीला आणखी एक नियम पाळला जातो. एका रचनेचा चौरस स्मृतीत केवळ एकदाच ठेवावयाचा. तो हजार ठिकाणी आढळला तरी हजारही जागी त्याच एका नोंदीकडे बोट दाखवावयाचे. त्यामुळे दोन प्रचंड चौरस सारखे आहेत काय, हे घरामागून घर तपासून पाहावे लागत नाही. नोंदीचा पत्ता एकच आहे एवढे पाहणे पुरेसे होते. 'हा प्रश्न पूर्वीचाच काय' या प्रश्नाचे इतके स्वस्त आणि इतके निर्दोष उत्तर अन्यत्र क्वचितच मिळेल. रिकामे मैदान, ठरावीक काळाने तेच रूप घेणारी यंत्रे, एकामागून एक सुटणारी तीच आकृती, या सर्व गोष्टी स्थळात आणि काळात पुनरावृत्त असल्याने त्यांचा खर्च जवळपास एकदाच करावा लागतो. अँड्र्यू ट्रेव्होरो आणि टॉम रोकिकी यांच्या 'गॉली' या मुक्त सॉफ्टवेअरमुळे ही रीत सर्वांच्या हाती आली. २०१० मध्ये अँड्र्यू वेड यांनी जाहीर केलेली 'जेमिनी' ही रचना ३,३६,९९,५८६ पिढ्यांनंतर स्वतःचीच प्रत अन्य जागी उभारून मूळ रूपात येते. एवढ्या लांबच्या पल्ल्याच्या रचना घरोघरच्या संगणकावर तपासून पाहता येतात, त्याचे श्रेय या रीतीला द्यावे लागते.

याच रीतीला यादृच्छिकपणे भरलेले मैदान दिले तर चित्र उलटते. आरंभीच्या पिढ्यांत मोठे सारखे चौरस जवळजवळ आढळतच नाहीत. दर वेळी नवीन उत्तर, दर वेळी नवीन नोंद. स्मृती भरून जाते आणि साधी रीत हिच्यापुढे निघून जाते. पुनरावृत्ती मुळात नसेल तर उत्तरसंचय ती निर्माण करू शकत नाही.

जवळपास तोच प्रश्न :
भौतिक जगाच्या सदृशीकरणात राशी अखंड बदलणाऱ्या असतात. तापमान ९५०.३ अंश एकदा आले तर नेमके तेवढेच पुन्हा येईल याचा भरवसा नाही. त्यातही संगणकातील दशांश संख्यांचा स्वभाव विचित्र आहे : ०.१ आणि ०.२ यांची प्रचलित द्विमान पद्धतीने केलेली बेरीज आणि थेट लिहिलेले ०.३ या दोन संख्या संगणकाच्या दृष्टीने समान नसतात. अशा संख्येची किल्ली केल्यास संचयात उत्तर असूनही ते सापडत नाही.

ज्वलनाच्या सदृशीकरणात ही अडचण तीव्र होते, कारण तेथे प्रत्येक बिंदूवर अनेक रासायनिक अभिक्रियांची समीकरणे सोडवावी लागतात. कॉर्नेल विद्यापीठातील स्टीफन पोप यांनी १९९७ मध्ये यावर मार्ग दाखविला. रासायनिक स्थितीचे उत्तर काढताना ती स्थिती थोडी बदलल्यास उत्तर किती बदलेल, हा दरही साठवावयाचा, आणि ज्या परिसरात या दराने केलेला अंदाज ठरविलेल्या मर्यादेत अचूक राहील तो परिसरही नोंदवावयाचा. नवी स्थिती त्या परिसरात पडली तर साठ्यातून अंदाज. न पडली तर पूर्ण आकडेमोड. पूर्ण आकडेमोडीने जुना अंदाज अजूनही चालला असता असे दिसले तर परिसर वाढवावयाचा, अन्यथा नवी नोंद करावयाची. मिथेनच्या ज्वलनासाठी या पद्धतीने सुमारे १००० पट वेग मिळाल्याचे त्यांनी दाखविले. तक्ता आधी संपूर्ण न करता सदृशीकरण जेथे जाते तेथेच तो वाढत जातो, हे या पद्धतीचे शहाणपण.

हवामानाच्या प्रतिमानांत याहून ढोबळ तडजोड केली जाते. सूर्यप्रकाश आणि उष्णतेच्या प्रारणाची गणना फार महाग असल्याने ती प्रत्येक टप्प्यावर न करता तासाने किंवा त्याहून अधिक अंतराने करण्याची प्रथा आहे. मधल्या टप्प्यांत पूर्वीचेच उत्तर कमीअधिक दुरुस्त करून वापरतात. ढग मात्र तासभर थांबून राहत नाहीत. अशा प्रतिमानांच्या आधारे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी मान्सूनच्या अंदाजाचे काम चालते. जुन्या उत्तराला किती काळ खरे मानावे, हा तेथे पावसावर अवलंबून असलेल्या सर्वांचाच प्रश्न ठरतो.

खर्चाचा हिशेब :
मूळ आकडेमोडीला १०० मायक्रोसेकंद आणि साठ्यात पाहण्यास २ मायक्रोसेकंद लागतात असे मानू. दर शंभरांतील ९० प्रश्नांची उत्तरे साठ्यात मिळाली तर सरासरी खर्च १२ मायक्रोसेकंद. ९९ मिळाली तर ३. म्हणजे शेवटच्या नऊ टक्क्यांनी वेग आठ पटींवरून तेहतीस पटींवर जातो. किल्लीची निवड काळजीपूर्वक करावी, ती यासाठी. दुसरीकडे, संपूर्ण सदृशीकरणापैकी ८० टक्के वेळच या आकडेमोडीत जात असेल, तर ती फुकट झाली तरी एकूण वेग पाच पटींपलीकडे जाणार नाही. आधी मोजमाप करावे आणि मगच संचय बांधावा. हा क्रम अनेकदा उलटा होतो.

स्मृतीही फुकट नसते. मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मोठ्या मंद स्मृतीच्या जोडीला लहान वेगवान स्मृती ठेवण्याची कल्पना मांडली आणि पुढे ती प्रत्येक प्रोसेसरात आली. तक्ता या लहान स्मृतीत मावला तर उत्तर काही चक्रांत मिळते. मुख्य स्मृतीपर्यंत जावे लागले तर शेकडो चक्रे वाट पाहावी लागते. तेवढ्या अवधीत साधे फलन पुन्हा काढून होते. जुन्या पुस्तकांतील ज्या-कोज्यांचे तक्ते आजच्या प्रोसेसरावर पुष्कळदा तोट्याचे ठरतात, त्यामागे हेच कारण आहे.

शिळी उत्तरे :
आतापर्यंतच्या विवेचनात वेगाचा विचार झाला. गंभीर बाब पुढेच आहे. उत्तरसंचयातील चूक कार्यक्रम बंद पाडीत नाही. आकडे येत राहतात, आलेख निघतात, आणि ते नेहमीपेक्षा लवकर निघाल्याने समाधानही वाटते.

आयसिंग प्रतिमानाकडे पुन्हा वळू. समजा तापमान ४ पासून आरंभ करून ते टप्प्याटप्प्याने १ पर्यंत उतरवावयाचे आहे आणि संभाव्यतांचा तक्ता आरंभी एकदाच केला आहे. तापमान ४ असताना ते दोन आकडे सुमारे ०.३६८ आणि ०.१३५ असतात, तापमान १ असताना ते ०.०१८ आणि ०.०००३ असावयास हवेत. तक्ता नव्याने केला नाही तर नोंदवहीत तापमान उतरत राहते, पण जालक ४ या तापमानालाच राहते. १ या तापमानाला प्रत्येक स्पिनमागे चुंबकन ०.९९९ इतके, म्हणजे जवळपास पूर्ण, असले पाहिजे. प्रत्यक्षात ते शून्याच्या आसपास रेंगाळेल आणि या पदार्थात संक्रमण होतच नाही असा निष्कर्ष निघेल. चूक एकच : तापमान बदलते झाले तरी त्याला किल्लीत स्थान मिळाले नाही. ऑन्सागर यांची उकल उपलब्ध असल्याने या ठिकाणी चूक पकडली जाईल. परंतु ज्या प्रश्नांची उकल कोणालाही माहीत नाही त्यांच्यासाठीच तर सदृशीकरण करावयाचे असते.

असे लपलेले अवलंबन अनेक ठिकाणी असते. फलन एखादा सामायिक चल वाचते आणि तो दुसरीकडे कोणी बदलतो. साठा फाइलमध्ये ठेवला जातो आणि दरम्यान सूत्रात दुरुस्ती होते, तरी जुनी उत्तरे वापरली जात राहतात. यादृच्छिक संख्या वापरणाऱ्या फलनाचे उत्तर साठविले तर एकच फासा हजारदा मोजल्यासारखे होते. सरासरी ठीक दिसली तरी त्रुटीचा अंदाज खोटा ठरतो. म्हणून ज्याचे उत्तर केवळ दिलेल्या किंमतींवर अवलंबून आहे आणि जे बाहेरचे काहीही बदलत नाही, असेच फलन उत्तरसंचयास पात्र समजावे. उष्णतामान, एकके, सूत्राची आवृत्ती, यांपैकी जे जे बदलू शकते ते किल्लीत यावे, किंवा ते बदलताच साठा रिकामा व्हावा.

तपासणीची रीत प्रत्येक प्रकारात वेगळी आहे. हॅशलाइफ आणि मेमो फलन यांत संचय बंद करून मिळणारे उत्तर आणि संचयासह मिळणारे उत्तर अंकाअंकाने जुळलेच पाहिजे. न जुळल्यास दोष निश्चित. आयसिंगमध्येही यादृच्छिक संख्यांचा क्रम तोच ठेवून स्पिनागणिक तुलना करता येते. पोप यांच्या पद्धतीत फरक ठरविलेल्या मर्यादेत आहे काय, एवढेच पाहता येते. व्हर्ले यादीत मात्र अंकाअंकाच्या तुलनेचा आग्रह धरू नये. यादीमुळे बलांच्या बेरजेचा क्रम बदलतो, शेवटच्या दशांशस्थळी फरक पडतो, आणि रेणूंची गती मुळातच अतिसंवेदनशील असल्याने दोन्ही मार्ग थोड्याच अवधीत वेगळे होतात. तेथे पहिल्या काही टप्प्यांतील बले जुळतात काय आणि दीर्घकाळात एकूण ऊर्जा स्थिर राहते काय, हे पाहावे. यादी वेळेवर नवी होत नसेल तर काही जोड्यांचे बल हिशेबातून गळते, पुढे ते एकाएकी प्रकटते, आणि ऊर्जेचा आलेख हळूहळू एका बाजूस सरकू लागतो.